भरलेली गाडी, रिकामी गाडी

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका नव्या हाणामारीच्या सिनेमाचं परीक्षण आलं होतं. त्यात ओघानं १९९४ च्या 'स्पीड'चा उल्लेख होता आणि शेवटी नेहमीचा सल्ला होता : "डोकं घरी ठेवून गेलात तर पैसे वसूल." मिसरूड फुटल्यापासून हा सल्ला वाचत आलोय. लिहिणारे बदलले, छपाई रंगीत झाली, सल्ला तोच. म्हणून म्हटलं, एकदा पत्र लिहून मोकळं व्हावं.

मी एसटीत ३१ वर्षं चालक होतो. बराच काळ कोल्हापूर-रत्नागिरी मार्ग, म्हणजे आंबा घाट आलाच. डोकं घरी ठेवून मी कधी ड्यूटीवर गेलो नाही आणि सिनेमालाही नाही. तरी मला उडत्या गाड्या, शंभर गुंडांना एकटा पुरून उरणारा हिरो, रेल्वेच्या टपावरची मारामारी हे सगळं मनापासून आवडतं. घरी यावरून चेष्टा होते. मुलगा म्हणतो, "आबा, त्यात बघण्यासारखं काय असतं?" त्याला जे नीट सांगता आलं नाही ते इथं लिहितोय.

सध्या ज्याची चलती आहे तसा एक सिनेमा गेल्या महिन्यात नातीबरोबर पाहिला. नाव लिहीत नाही, उगीच कुणाच्या पोटावर पाय नको. त्यात तीस-चाळीस गाड्या तरी उडाल्या असतील. जीप, टेम्पो, एक अख्खा कंटेनर. कंटेनर आडवा झाला, गरगर फिरला, पेटला. हिरो त्याच्यासमोरून चालत आला, चष्मा नीट केला. थिएटरात शिट्ट्या पडल्या. माझ्या मनात एकच प्रश्न होता : त्या कंटेनरचा ड्रायव्हर कुठं गेला? आधीही दिसला नाही, नंतरही नाही. कंटेनर काय आपोआप चालत आला होता?

नात म्हणाली, "आबा, सगळ्या गाड्या रिकाम्याच असतात त्यात." सहज बोलून गेली, पण मी तिथंच अडकलो.

रिकामी गाडी आणि भरलेली गाडी यातला फरक चालकाला पायाच्या तळव्याला कळतो, आरशात बघावं लागत नाही. रिकामी गाडी डेपोत परत न्यायची असली की ती उंडारते. प्रत्येक खड्ड्यावर मागचं बूड आपटतं, खिडक्यांच्या काचा दाताच्या कवळीसारख्या वाजतात, ब्रेकला नुसता पाय लावला तरी झटका बसतो. तीच गाडी मलकापूरच्या बाजाराच्या दिवशी गच्च भरली की रस्त्यावर बसते. वळण घ्यायच्या आधी विचार करायला लावते. उतारावर मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवून ढकलतंय असं वाटतं. आवाज कमी करते, पण दम जास्त असतो तिच्यात. आपल्याकडं हल्ली जे मारधाडपट येतात त्यातले बहुतेक रिकाम्या गाडीसारखे आहेत. आवाज फार, भार काही नाही.

आता भरलेल्या गाडीबद्दल. 'स्पीड' मी कोल्हापुरात पाहिला. वस्तीची गाडी सकाळी आणून टाकली होती, ड्यूटी संपली होती, आणि पोस्टरवर बस होती. तेवढ्यावर तिकीट काढलं. इंग्रजी सिनेमा, माझं इंग्रजी म्हणजे स्टॉप आणि नो पार्किंग. संवादातला एक शब्द कळला नाही, आणि तरी माझं काहीही अडलं नाही. गोष्ट एवढीच : लॉस एंजेलिसच्या एका सिटी बसखाली बॉम्ब लावलाय. बसनं एकदा ताशी ५० मैल गाठले की तो जागा होतो, आणि मग वेग त्याच्या खाली आला की फुटतो. ही थाप आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. भर शहरात, रहदारीत, सिटी बस तासभर त्या वेगानं? आमच्या कोल्हापूरच्या दाभोळकर कॉर्नरच्या गर्दीत या म्हणावं. पण थाप एकदाच मारली, सगळ्यांसमोर मारली, आणि पुढं सिनेमा तिला शेवटपर्यंत जागला. वेग कमी व्हायची वेळ आली की आपला उजवा पाय खुर्चीत आपोआप खाली दाबला जातो. माझा तर दाबला जातच होता, शेजारच्या कॉलेजच्या पोराचाही दाबला जात होता, मी पाहिलं.

आणि त्या बसमध्ये माणसं होती. ड्रायव्हरला चुकून गोळी लागते. (सिनेमात पहिला मार आम्ही ड्रायव्हर लोकांनी खायचा, हा दंडक तिकडंही आहे.) मग एक प्रवासी पोरगी स्टिअरिंग धरते. जोरात गाडी हाणण्यावरून जिचं लायसन काढून घेतलंय तीच. एक बावळट वाटणारा पर्यटक, एक धिप्पाड कामगार, एक बाई जी घाबरून पायरीवर उतरायला जाते आणि पायरीखालच्या स्फोटात जाते. ती बाई गेल्यावर गोष्टीला वजन आलं. त्या बसमधल्यांसाठी तोवर बॉम्ब ही नुसती बोलायची गोष्ट होती.

त्यात एक वळण आहे. बस भरधाव, पुढं काटकोनातलं वळण, वेग कमी करायची सोय नाही. गाडी कलंडणार. तेव्हा सगळ्या प्रवाशांना उठवून वळणाच्या आतल्या बाजूला नेतात. सगळी माणसं एकमेकांच्या अंगावर, एका बाजूला. गाडी कलते, तरी पडत नाही. इथं मी थिएटरात उभा राहिलो होतो. मागचा ओरडला, "ओ काका, बसा की खाली!" मी बसलो, पण पाय लटपटत होते. त्याचं कारण सांगतो.

१९९१ चा जून, पहिला मोठा पाऊस. रत्नागिरीहून कोल्हापूरला येत होतो. साखरपा सोडलं आणि घाटात धुकं असं उतरलं की वायपर चालू असून पुढचं बॉनेटही पुसट दिसत होतं. एका वळणानंतर रस्त्यावर झाड आडवं. नुकतंच पडलं असावं, पानं हिरवीगार होती. गाडी डावीकडं घेतली, थांबली, आणि थांबल्यावर मागून एक आवाज आला. ओल्या चिखलात म्हैस बसते तसा. डावं मागचं चाक साइडपट्टीत खचलं होतं. डावीकडं दरी. दरवाजा डावीकडं.

गाडीत ४३ माणसं. माझा पाय ब्रेकवर, हँडब्रेक ओढलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये. कंडक्टर पन्नाशीचा, शांत माणूस. तो ओरडला नाही. बाजारात भाव सांगावा तशा आवाजात म्हणाला, "मंडळी, सगळ्यांनी ड्रायव्हर साहेबांच्या बाजूला सरकायचं. हळू. सामान राहू द्या." सगळी माणसं उजवीकडच्या बाकांवर दाटीनं आली. गाडी किंचित हलली. केवढी म्हणाल तर बोटभर. पण ते बोट मला अजून आठवतं. मग माझ्या दारातून, माझ्या मांडीवरून, एकेक माणूस बाहेर. एक म्हातारी उतरेना. तिच्या सीटखाली पोत्यात दोन फणस होते, लेकीकडं निघाले होते. "फणसाबिगर मी न्हाई यायची." कंडक्टरनं वाद घातला नाही. गेला, पोतं उचललं, आधी फणस बाहेर दिले, मागून म्हातारी आली. शेवटी कंडक्टर, आणि मग मी.

सगळं मिळून वीस मिनिटं लागली असतील. त्यात कुणी उडी मारली नाही, काही पेटलं नाही, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. सिनेमाच्या दृष्टीनं फुकट गेलेला प्रसंग. पण त्या वीस मिनिटांत त्या गाडीतली सगळी तोंडं मला पाठ झाली होती.

म्हणून 'स्पीड'मध्ये ती माणसं एका बाजूला सरकली तेव्हा मला कुणी सांगायची गरज नव्हती की हे लिहिणाऱ्यानं गाडीचा विचार केलाय. खोट्या गोष्टीत एक खरी गोष्ट बरोबर जागेवर ठेवली होती. पुढं त्यांनी केवढीही थाप मारली असती तरी मी गिळली असती. आणि त्यांनी मारलीच.

अर्धवट बांधलेल्या हायवेवर पुढं पुलाचा तुकडाच नाही. ५० फुटांचं खिंडार. बस थांबू शकत नाही, म्हणून उडवायची. उडते, पलीकडं आदळते, चालत राहते. थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी, मीही घेतलं.

परवा हा सीन नातीला मोबाईलवर दाखवला. ती अकरावी सायन्सला आहे. तिनं वहीच काढली. ताशी ११० किलोमीटर धरले तर ५० फूट पार करायला साधारण अर्धा सेकंद लागतो, आणि सोडून दिलेली कुठलीही वस्तू अर्ध्या सेकंदात सव्वा मीटर खाली येते. "म्हणजे आबा, बसचं नाक समोरच्या कठड्यावर आपटायला पाहिजे. आणि रस्ता तर सपाट आहे, मग बसचं तोंड वर कसं जातं?" बिनतोड होतं. मी म्हटलं, तोंड वर जातं कारण तुला न दिसणारा रॅम्प आहे तिथं.

मग तिनंच ते शूटिंग कसं झालं याचा एक व्हिडिओ शोधून काढला. रस्ता अखंडच होता, मधलं खिंडार नंतर संगणकावर केलं. उडी मात्र खरी. खरी बस, रॅम्पवरून, हवेत. त्यासाठी आतलं जड सामान काढून ती हलकी केली होती आणि आत पट्ट्यांनी बांधलेला एकटा स्टंट ड्रायव्हर होता.

म्हणजे ती बससुद्धा रिकामीच होती!

हे ऐकून मी जरा वेळ गप्प बसलो. नातीला वाटलं, आबांचा हिरमोड झाला. तसं नव्हतं. मी आठवत होतो की ३० वर्षांपूर्वी थिएटरात ती बस हवेत असताना मला ती भरलेली दिसली होती. पर्यटक, तो कामगार, स्टिअरिंगवरची पोरगी, सगळे. त्याच्या आधी अर्धा तास आपण त्यांच्याबरोबर प्रवास केला होता ना. एक एक प्रवासी आमच्या डोक्यात चढवून मगच त्यांनी रिकामी बस उडवली. आणि नातीबरोबर पाहिलेल्या त्या नव्या सिनेमात संगणकावर कितीही माणसं भरता आली असती, पण कुणाला ती भरावीशी वाटली नाहीत. डबल बेल न वाजवता गाडी सोडली.

गंमत अशी की भार असला की माणूस किती अचाट गोष्टी पचवतो याला सुमार नाही. २०२२ ला नातीबरोबरच 'आरआरआर' पाहिला. त्यातला पुलाचा प्रसंग आठवा. वर रेल्वेची मालगाडी पेटलीय, खाली नदीत एक पोरगं अडकलंय. एकमेकांची ओळखही नसलेले दोन गडी, एक घोड्यावर, एक मोटारसायकलवर, एकाच दोराची दोन टोकं बांधून पुलाच्या दोन्ही बाजूंनी उड्या मारतात, झोका घेतात, आणि पोराला वाचवून पुलाखाली हवेत एकमेकांचा हात धरतात. वहीत मांडायला गेलं तर वही फाटेल. पण उडी मारायच्या आधी ते दोघं काय करतात? वरचा खालच्याला हातानं खुणा करतो. दोर, पूल, तू इकडून, मी तिकडून. बेत आधी आपल्यालाही समजतो. मग आपण तिसरे गडी होतो. आणि खाली ते पोरगं आहे. पोरगं नसतं तर ती नुसती सर्कस होती. नात तेव्हा आठवीत होती, पोरगं हातात आलं तेव्हा तिनं माझं मनगट असं आवळलं की घड्याळाच्या पट्ट्याचा वळ उठला. दिग्दर्शक राजामौळींना पदार्थ रांधायच्या आधी भांडं तापवायची अक्कल आहे.

हे आपल्याकडं नवीन नाही. 'शोले'तला रेल्वेवरचा हल्ला पनवेल-उरण मार्गावर चित्रित झाला होता. तो सिनेमा मी तंबूत पाहिला, शेंगा खात. बेड्या घातलेले दोन चोर, एक इन्स्पेक्टर, आणि बाहेर घोड्यांवर दरोडेखोर. कोण डब्याच्या टपावर, कोण इंजिनाकडं, कोण कुठल्या बाजूनं येतंय हे तंबूत मागं बसलेल्यालाही कळत होतं. रुळावर रचलेले ओंडके उडवत इंजिन जातं तेव्हा ते लोखंड आहे हे छातीत कळतं.

कोण कुठं आहे हे कळणं, हा मुद्दा मला वाटतं फार दुर्लक्षित आहे. नव्या सिनेमात एका पाठलागात मी शेवटपर्यंत शोधत होतो की हिरोची गाडी पुढं आहे की मागं. डोळा एका कोपऱ्यात नेतो तोवर चित्र बदललेलं. दोष वेगाचा नाही. ऑस्ट्रेलियाच्या जॉर्ज मिलर यांनी २०१५ साली 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड' केला, वयाच्या सत्तरीला टेकल्यावर. मूळचे डॉक्टर. नामिबियाच्या वाळवंटात बहुतेक गाड्या खऱ्याच पळवल्या, खांबांना बांधलेली माणसं धावत्या गाड्यांवर झोके घेतात तेही खरं. त्यात दृश्यं दोन-अडीच सेकंदांना बदलतात, तरी एकदाही गोंधळ होत नाही. कारण बघायची गोष्ट प्रत्येक वेळी पडद्याच्या मधोमध ठेवलीय. डोळा हलवावा लागत नाही. संकलन त्यांच्या पत्नी मार्गारेट सिक्सेल यांचं, त्यांना त्याबद्दल ऑस्कर मिळालं. आम्हाला ट्रेनिंगला पहिल्या दिवशी उस्तादानं हेच सांगितलं होतं : नजर रस्त्याच्या मधोमध आणि लांब ठेव, बाकीचं आपोआप दिसतं. वाळवंटातल्या त्या ट्रकांच्या धुमाकुळातही मला पक्कं माहीत होतं की मोठा टँकर कुठं आहे, त्यात कोण बसलंय आणि त्यातल्या बायका कशापासून पळतायत. म्हणजे पुन्हा तेच, गाडी भरलेली.

जाता जाता स्टंटवाल्यांबद्दल. ऑस्करवाल्यांनी २०२५ मध्ये जाहीर केलं की स्टंटच्या आखणीसाठी वेगळा पुरस्कार ठेवणार, तोही २०२७ पासूनच्या सिनेमांना. पुरस्कार सुरू झाले १९२९ ला. वेशभूषा, रंगभूषा, सगळ्यांचं झालं, मग आठवण आली की अरे, गाडी कुणीतरी चालवतंय. आमच्याकडं लग्नात व्हराडाच्या ड्रायव्हरला शेवटच्या पंगतीला बसवतात, त्यातलाच प्रकार.

तेव्हा आपल्या परीक्षकांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी अशा सिनेमाला जाताना डोकं बरोबर न्यावं आणि तीनच गोष्टी बघाव्यात असं काही मी म्हणणार नाही, यादी करण्यासारखं ते नाही. पण गाडी उलटली की आत कोण होतं हे एकदा स्वतःला विचारून बघावं. उत्तर देता आलं तर चार चांदण्या द्याव्यात, मग भले ती गाडी चंद्रावर उतरली तरी चालेल.

फणसवाल्या म्हातारीबद्दल नात विचारत होती. त्या दिवशी मागून आलेल्या गाडीनं सगळे प्रवासी कोल्हापूरला गेले. चढताना म्हातारी परत फिरली, माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "ड्रायव्हर, फणस पिकाय लागलाय, लौकर पोचीव म्हणावं त्याला." मी मागच्या गाडीच्या चालकाला तसं सांगितलं.

कळावे,

आपला एक जुना वाचक,
निवृत्त एसटी चालक, मलकापूर (ता. शाहूवाडी)

ता. क. : त्याच परीक्षणात 'स्पीड'मधल्या बसचा वेग "ताशी ५० किलोमीटर" असा छापलाय. ते मैल आहेत, म्हणजे ८० किलोमीटर. कृपया दुरुस्ती द्यावी. ५० किलोमीटरची अट आमच्या गाडीला असती तर घाट चढताना, दुसऱ्या गिअरमध्ये, साखरप्याच्या पहिल्याच वळणावर आमचा निकाल लागला असता.